पुढेच बसायचं होतं तुला

प्रिय मकरंद,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी ऑकलंडहून आले, येताना पापाटोएटोच्या दुकानातून दर्भ आणि काळे तीळही घेऊन आले. जेवायला आपली नेहमीची मंडळी होती. मी खीर वाढत असताना कुणीतरी म्हणालं, "मकरंदने किती शांतपणे सोसलं ना सगळं!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या हातातला डाव तिथेच थांबला. शांतपणे? तू?

मी पुढच्या पानाकडे वळले. श्राद्धाच्या पंगतीत कोण वाद घालणार! पण मंडळी गेल्यावर भांडी तशीच सिंकमध्ये टाकली आणि लिहायला बसले. हे असंच चालू राहिलं तर दोन-चार वर्षांत लोक तुझा अगदी संत करून टाकतील. आणि ज्या माणसाबरोबर मी तो ट्रक बांधला, तो कुणाच्या लक्षातही राहणार नाही. तू शांत नव्हतास रे. तू घाईत होतास, चिडलेला होतास, आणि त्या घाईत तू आम्हा सगळ्यांना पळवलंस.

बस आणलीस तेव्हा मात्र तू नुसता आनंदात होतास. आठवतं? शहरातल्या फेऱ्यांमधून काढून टाकलेली ती लांबलचक बस हॅमिल्टनमधल्या रोटोटुनाच्या आपल्या नव्याकोऱ्या गल्लीत वळवताना तू शेजाऱ्यांचा लेटरबॉक्स आडवा केलास. शेजारी म्हणजे ट्रेव्हर, आयुष्यभर बोटी बांधून निवृत्त झालेला. तो बाहेर आला, त्याने लेटरबॉक्सकडे बघितलं, मग बसकडे बघितलं आणि विचारलं, "इंजिन कसं आहे रे हिचं?" झाली मैत्री!

मी फोन कार्ड लावून पुण्याला तुझ्या आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लोक गाडी घेतात. याने बस घेतली?"

हो, बस घेतली, फिरतं घर करायला. दुधाच्या कारखान्यांची यंत्रं डिझाइन करणारा इंजिनियर तू, शनिवार-रविवार त्या बसच्या सीट्स उपटत बसायचास. मग पलंग आले, सिंक आलं, गॅस आला. ओट्याची उंची मात्र मला विचारून ठरवलीस. त्याबद्दल मी तुला पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

आणि मग तो उन्हाळा. ओपोटिकीच्या पुढचा तो छोटासा समुद्रकिनारा, ज्याचं नाव आपण कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. बस वर हमरस्त्यावर ठेवावी लागली, कारण खाली जाणारा खडीचा रस्ता एका गाडीपुरताच होता. आपण चालत उतरलो. तुझ्या गळाला मासा लागला, तो ओढताना तू असा काही ओरडलास की लांबचे दोघे तिघे धावत आले. आपली लेक ईशा तर पोहायचे टॉग्ज घालून जी पाण्यात गेली ती बाहेर यायलाच तयार नव्हती.

परत चढताना तुझ्या डाव्या पायातला अंगठ्यात अडकवायचा रबरी जँडल सारखा निसटत होता. तू हसलास, म्हणालास, "स्वस्तातला घेतला की असं होतं." पुढच्या गावात नवा जोड घेतलास. तोही निसटला.

मी हसले नाही. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, मकरंद. घरात चालताना तुझं डावं पाऊल लाकडी जमिनीवर आपटल्यासारखं वाजायला लागलं होतं. तो आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, आणि त्याचे जे जे अर्थ मला माहीत होते त्यातला एकही मला नको होता.

स्पेशालिस्टने "मोटर न्यूरॉन डिसीज" असं सांगितलं, एकेक स्नायू बंद पडत जाणार म्हणाला. कार पार्कमध्ये आल्यावर म्हणालास, "हात कधीपर्यंत चालतील?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले. "प्रत्येकाचं वेगळं असतं."

"मग आधी ट्रक."

मला वाटलं, तुला धक्का बसलाय, तुला काही कळलेलंच नाही. पण तुला सगळं कळलं होतं!

बसने फिरणारे बहुतेक लोक मागे एक छोटी गाडी ओढत नेतात. बस कॅम्पग्राउंडवर उभी करायची आणि दूध आणायला, समुद्रावर जायला ती गाडी काढायची. तुझ्याही डोक्यात एक छोटा ट्रक आधीपासून होताच. आता त्याचं ड्रॉइंग रोज बदलायला लागलं. त्या खडीच्या रस्त्यावरून तुला परत खाली जायचं होतं, आणि चालत जाता येणार नव्हतं. एवढंच तुझं म्हणणं होतं.

मी म्हटलं, "व्हीलचेअरची व्हॅन घेऊ या. तयार मिळतात."

"त्यात व्हीलचेअर कुठे ठेवतात?"

"मागे."

"म्हणजे मी मागे बसून तुझ्या अंबाड्याकडे बघू? अशू, मला सामानासारखं मागे ठेवायचं नाही. मी पुढेच बसणार."

पुढे म्हणजे स्टिअरिंगवर, असं तेव्हा तुझ्या मनात होतं. डावा पाय क्लच दाबणार नाही, म्हणून गिअरबॉक्स ऑटोमॅटिक हवा. पण तशी गाडी चारही चाकं जमिनीवर ठेवून बसमागे ओढली की गिअरबॉक्स जळतो. म्हणजे आधीचं साधं ड्रॉइंग गेलं फुकट! मग तू गिअरबॉक्स आणि मागची चाकं यांच्यामधला जोड सोडवणारा एक लिव्हर आखलास. लिव्हर वर केला की चाकं मोकळी फिरतात, खाली केला की ट्रक चालायला तयार. ऐकायला किती सोपं! त्या लिव्हरने आख्खा हिवाळा खाल्ला.

अपघातात पुढून चेपलेला एक छोटा जपानी ट्रक ट्रेव्हरच्या शेडमध्ये आला. त्याला मधून कापलात, आखूड केलात. तू स्टुलावर बसून सांगायचास, ट्रेव्हर वेल्डिंग करायचा. तू कामावरून आल्यावर आणि मी ड्यूटी संपवून आल्यावर आपलं घर म्हणजे ती शेडच झाली होती. ईशा तिथे यायची नाही. "इट स्मेल्स, मम," म्हणायची. वासाचं कारण खोटं होतं हे तुलाही माहीत होतं. तुझे हात बघायला तिला नको होते.

एकदा तुझ्या हातातून पाना पडला. मी उचलून दिला. परत पडला. तिसऱ्यांदा तू तो भिंतीवर भिरकावलास, निदान तसा प्रयत्न केलास. पाना भिंतीपर्यंत पोचलाच नाही. तुझ्याच पायाशी पडला. तेव्हा तू जो ओरडलास! माझ्यावर नाही, ट्रेव्हरवर. वेल्ड वाकडा आहे, तुला बोटीपलीकडे काही येत नाही, तू माझा वेळ खातोयस.

ट्रेव्हरने डोक्यावरचा मुखवटा काढला, बाकावर ठेवला आणि घरात निघून गेला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस परत यायचा नाही, आणि दुसरा कुणी आपल्याला मिळायचा नाही. तू खाली मान घालून बसला होतास. मला तुझा राग आला होता, आणि तुझ्या पाठीवर हातही ठेवावासा वाटत होता. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

तो चहाचे मग घेऊन परत आला. तुझ्या मगात स्ट्रॉ घातली आणि म्हणाला, "राइट. ओरडून झालं? आता सांग, कुठे वाकडं आहे."

वेल्ड खरंच वाकडा होता. त्याने तो ग्राइंडरने उडवला आणि परत केला.

आणि तो दिवस, मकरंद. त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. आता मी बोलते. स्टिअरिंग बसवून झालं होतं. आम्ही दोघांनी उचलून तुला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तू दोन्ही हात चाकावर ठेवलेस आणि ते वळवायला लागलास. ट्रेव्हर उगाच खिळ्यांचा डबा आवरत राहिला. मी दाराबाहेर बघत राहिले. चाक जागचं हललं नाही.

मग तू हाक मारलीस. "अशू, इथे बस."

"मी?"

"बस म्हणतोय ना."

तुला खाली घेतलं, मी चढून बसले. तू खालून माझ्या गुडघ्यांकडे बघितलंस, पेडलकडे बघितलंस, आणि ट्रेव्हरला इंग्रजीत म्हणालास, "सीट पुढे घ्यावी लागेल. हिचे पाय पोचत नाहीत."

बस्स. तुझा ट्रक माझा झाला, तो एवढ्या दोन वाक्यांत. मी किती दिवस वाट बघत होते, की तू कधीतरी म्हणशील, "अशू, तू चालवशील का?" तू विचारलंच नाहीस! मला घाटाची भीती वाटते हे तुला माहीत होतं. मला साधी गाडी उलटी पार्क करायला नको वाटायची हेही माहीत होतं. आणि बसचं काय? ट्रक मागे बांधून बसही मलाच हाकावी लागणार होती. मी हेवी लायसन्सच्या परीक्षेला बसले तेव्हा तिथल्या माणसाने मला विचारलं, "आर यू शुअर, लव्ह?" मी हो म्हणाले. मी अजिबात शुअर नव्हते. पण पास झाले, पहिल्या झटक्यात! घरी येऊन सांगितलं तर तू म्हणालास, "मग आता डाव्या बाजूचं बघू." अरे, निदान "शाबास" तरी!

डाव्या बाजूला तुझी जागा. मोडीत निघालेल्या एका व्हॅनचं सरकतं दार, खाली केलेला पत्रा, बाहेर उलगडणारा रॅम्प, आणि ट्रकच्या तळाला पक्के केलेले आकडे. व्हीलचेअर ढकलली की ते आपोआप चाकांच्या दांड्या पकडायचे. मी उजवीकडे, तू माझ्या शेजारी, दोघांसमोर एकच काच.

बदललेल्या गाड्या पास करणारा सर्टिफायर तपासायला आला तेव्हा तुझं बोलणं जड व्हायला लागलं होतं. तो बाई-माणसासारखा हळू बोलणारा, पण अंगाने केवढा आडवा! त्याने आकडे हलवून बघितले आणि मान हलवली. "जोरात ब्रेक लागला तर ही खुर्ची काचेतून बाहेर जाईल. मी पास करू शकत नाही. सॉरी."

तू काहीतरी बोललास. त्याला कळलं नाही. मलाही कळलं नाही. तू परत बोललास, आणखी मोठ्याने, आणि तुझा चेहरा लाल झाला. तेव्हा मागून ईशाचा आवाज आला. शेडच्या दारात कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"बाबा विचारतायत, किती जाड पाहिजे."

मराठीत! जी मुलगी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची, तिने तुझे शब्द जसेच्या तसे मराठीत म्हटले. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने ते त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने नीट समजावून सांगितलं, कुठली पट्टी, कुठे, कशी. तो परत आला तेव्हा स्वतःच तुझ्या रिकाम्या व्हीलचेअरमध्ये बसला, आकडे लावून घेतले आणि मला म्हणाला, "आता चालव, आणि मी सांगेन तेव्हा जोरात ब्रेक मार." मी मारला. तो जागचा हलला नाही. उतरून त्याने तुझ्याशी हात मिळवला. तुझा हात त्याला उचलून घ्यावा लागला.

त्या दिवसापासून ईशा तुझा आवाज झाली. मला जे कळायचं नाही ते तिला कळायचं. कसं, ते तिलाही सांगता यायचं नाही.

डॉक्टर प्रवासाला नको म्हणत होते. तुझा श्वास कमी पडायला लागला होता. मी म्हटलं, थोडं थांबू, थंडी जाऊ दे. तू नुसतं माझ्याकडे बघितलंस. थांबायला तुझ्याकडे काय होतं? आपण त्या किनाऱ्याकडे निघालो.

काइमाईचा घाट चढताना बस नेहमीपेक्षा जास्त धापा टाकत होती. मला वाटलं, मागे ट्रक आहे, ओझं आहे. माथ्यावरून टौरंगाच्या बाजूने उतार सुरू झाला आणि आरशात मला धूर दिसला. ट्रकच्या पुढच्या चाकातून पांढरा धूर येत होता.

मी ब्रेक दाबला. धूर वाढला.

बसचा ब्रेक दाबला की एक केबल ट्रकचाही ब्रेक ओढायची, तशी तू योजना केली होतीस. ओढायची, पण आता ती सोडत नव्हती. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं, की उजवीकडे समोरून येणाऱ्या गाड्या, डावीकडे कठडा आणि त्याखाली झाडांचे शेंडे, माझ्या मागे लाकडाचे ओंडके भरलेला भलामोठा ट्रक, बसमध्ये गॅसचे सिलिंडर, आणि खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला तू.

तू बोलायला लागलास. तुझा आवाज मला येत होता, शब्द येत नव्हते.

ईशा पट्टा सोडून तुझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, तुझ्या तोंडाशी तोंड नेऊन. "आई, ब्रेक नको! ब्रेक नको म्हणतायत बाबा!"

"मग थांबवू कशी?"

"खालचा गिअर टाक. आणखी खालचा. ट्रकच धरतोय आपल्याला. घाबरू नको म्हणतायत." मग क्षणभर थांबून, "आई, तू पाय काढ ब्रेकवरून!"

मी पाय काढला. मकरंद, उतारावर ब्रेकवरचा पाय काढणं म्हणजे काय, ते तुला मी आता कसं सांगू! अख्खी बस पुढे झेपावेल असं वाटलं. झेपावली नाही. इंजिन किंचाळायला लागलं, पण वेग वाढला नाही. एका वळणानंतर डावीकडे खडीची रुंद जागा दिसली. तू काहीतरी म्हणालास, ईशा म्हणाली, "तिथे! तिथे घे!" मी घेतली. बस थांबली. जळक्या रबराचा वास आत आला.

मी पहिली तुझ्याकडे धावले, पट्टे सोडायला. तू मान हलवलीस. नको.

"बाबा म्हणतायत, आधी ट्रक सोड."

"आधी तू!" मी ओरडले. "बसच्या लिफ्टने तुला उतरवायला केवढा वेळ लागतो, माहीत आहे ना?"

"म्हणूनच," ईशा म्हणाली. ती रडत होती आणि शब्द मात्र एकेक स्वच्छ म्हणत होती. "म्हणूनच आधी ट्रक. जोडाची पिन काढ आणि बस पुढे ने. ट्रक खाली जाणार नाही, त्याचा ब्रेक अडकलाय. आई, बाबा म्हणतायत माझं ऐक. प्लीज ऐक."

मी ऐकलं. तुला आत ठेवून मी बाहेर गेले. याचं मला अजून बरं-वाईट काही ठरवता येत नाही. तू बरोबर होतास, पण तुला आत सोडून बाहेर जाणारे पाय माझे होते. पिन ताणाखाली घट्ट बसली होती. हातोडा मारला, हलली नाही. परत मारला. ओंडक्यांचा ट्रकवाला मागे थांबून धावत आला होता, त्याने माझ्या हातातून हातोडा घेतला आणि एका घावात पिन बाहेर. मी ड्रायव्हरच्या सीटवर उडी मारून बस पुढे नेली, त्या धुरापासून लांब. आरशात बघते तर तो माणूस आपल्या ट्रकच्या चाकावर अग्निशामकाचं नळकांडं रिकामं करत होता.

ट्रक वाचला. टायर आणि केबल सोडली तर सगळं वाचलं.

मी येऊन तुझ्यासमोर बसले. तुझे पट्टे सैल केले. म्हणाले, "आपण घरी जातोय."

तू बोललास, आणि ईशा हसायलाच लागली, रडता रडता. "बाबा म्हणतायत, घरी जायलाही हाच घाट आहे."

असा होतास तू. शांत नव्हतास, पण असा होतास!

ट्रेव्हर दुसऱ्या दिवशी हॅमिल्टनहून केबल आणि टायर घेऊन टौरंगाला आला. जुनी केबल त्याने तुझ्या डोळ्यांसमोर धरली. केबल मागे खेचणारी स्प्रिंग तुटली होती. तू ईशाकरवी त्याला म्हणालास, की स्प्रिंग बारीक तूच काढली होतीस, ड्रॉइंगमध्ये. तो म्हणाला, "मीही बघितली नाही, मेट." तुम्ही दोघांनी तो विषय तिथेच मिटवला. मी एवढ्या सहज मिटवला नसता, पण मला कुणी विचारलं नाही. त्याने दोन स्प्रिंग लावल्या, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून.

ओपोटिकीच्या पुढे बस वर हमरस्त्यावर उभी केली. लिफ्टने तुला उतरवलं, रॅम्पवरून ट्रकमध्ये ढकललं. आकडे लागल्याचा खट्ट आवाज झाला, आणि तू डोळे मिटून तो आवाज ऐकलास. ईशा आपल्या पुढे पळत रस्त्यावरचे मोठे दगड बाजूला करत गेली. मी लिव्हर खाली केला. चाकं लागली. ट्रक चालला.

एवढ्या अरुंद रस्त्यावर मी एरवी गेले नसते. शेजारी तू होतास, एकाच काचेतून बघत. खड्डा आला की तुझी मान हलायची, आणि मी वेग कमी केला की तू डोळ्यांनी मला दटावायचास. खाली आलो. ओली, घट्ट वाळू. समुद्राचा वारा तुझ्या बाजूच्या दारातून आत आला आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वाऱ्याने, असं तू नक्की म्हणाला असतास.

मी इंजिन बंद करायला हात नेला. तू काहीतरी बोललास. ईशा लांब होती, लाटांमध्ये. सांगणारं कुणी नव्हतं. मी तुझ्या ओठांकडे बघत राहिले.

"अजून थोडं पुढे."

मला कळलं, मकरंद! माझं मला कळलं. मी ट्रक पुढे घेतला, अगदी फेस चाकांना लागेपर्यंत. मग आपण दोघं तिथे बसलो. पाणी वर यायला लागल्यावर मीच मागे घेतला. तू परवानगी दिली नव्हतीस.

पुढचा हिवाळा तू बघितला नाहीस. एका सकाळी, ईशा शाळेला निघायच्या आधीच, तुझा श्वास थांबत थांबत थांबला. त्या वेळी मात्र तू खरंच शांत होतास. पण लोक ज्याबद्दल बोलतात ते हे नव्हे.

आता एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात टौरंगाहून एका बाईचा फोन आला. तिच्या नवऱ्याला तुझाच आजार आहे. त्यांच्याकडे बस नाही, पण त्यांच्या घराचा रस्ता खडकाळ आहे, आणि तो म्हणे बंद गाडीत मागे बसायला तयार नाही, म्हणून तिने आपला ट्रक मागितला. मला हसू आलं, मग रडू आलं. ईशाला सांगितलं तर म्हणाली, "नो वे, मम. दॅट्स डॅड्स ट्रक." आणि तिने दार आपटलं. दोन दिवस बोलली नाही. काल स्वतःहून म्हणाली, "त्यांना सांग, घेऊन जा म्हणावं. बट आय वॉन्ट टू शो देम हाऊ इट वर्क्स." मग थोड्या वेळाने, मराठीत, "मला बस शिकव."

शनिवारी आम्ही दोघी बसमागे ट्रक बांधून घाट उतरणार आहोत, त्यांना द्यायला. परत आल्यावर कारपोर्ट रिकामा असेल. त्याचं मला काय वाटेल, ते मी नंतर बघेन.

तुला वचन देते, मकरंद. ईशाला मी बस शिकवेन. उतारावर पाय कधी उचलायचा, कुणाचं कधी ऐकायचं आणि कधी स्वतःच्या मनाने वळण घ्यायचं, जे जे मला येतं ते सगळं शिकवेन. पण तू मला जसं स्टिअरिंगवर बसवलंस तसं मी तिला बसवणार नाही. मी तिला आधी विचारेन. आणि कुठे जायचं, ते तिचं तिला ठरवू देईन.

तुझी,
अशू